अंगावर काढलेल्या दुखण्याचे गणित

वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी मेघेत, आर्वी मार्गावर, शिक्षा मंडळाने २०१७ मध्ये सुरू केलेले बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथून काही किलोमीटरच्या परिघात सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि वर्ध्याच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी जोडलेले आहे. अभियंते घडविणारी संस्था आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांवर उपचार करणारी दोन मोठी रुग्णालये इतक्या जवळ असणे ही या जिल्ह्याची अनोखी स्थिती आहे. तिचा विचार करण्यास एक दुखणे पुरेसे आहे. त्या दुखण्याची चर्चा घरातही दबक्या आवाजात होते.

‘अंग बाहेर येते’ एवढ्या तीन शब्दांत खेड्यातील स्त्री ते सांगते. तेही सांगितलेच तर. ओटीपोटाच्या तळाशी असलेला स्नायूंचा आणि बंधांचा आधार सुटला, की गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात उतरू लागतो. खाली काहीतरी लोंबते आहे असे वाटणे, खोकताना लघवी सुटणे किंवा उलट ती तुंबणे, दिवसभराच्या कामानंतर सायंकाळी त्रास वाढणे ही त्याची लक्षणे. जिवावर बेतणारा हा आजार क्वचितच असतो आणि त्यामुळेच तो अंगावर काढला जातो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. त्या पाहणीत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, हे खरे. मात्र, विदर्भातील स्त्री या बाबतीत किती काळ गप्प राहते, हे त्या आठ टक्क्यांनी जगाला सांगितले.

माच आणि दोरखंड

वैद्यकशास्त्राने या विकाराकडे दीर्घकाळ प्रसूतीचा अपरिहार्य परिणाम किंवा वयाचा दोष म्हणून पाहिले. अभियंत्यांनी गेल्या दोन-अडीच दशकांत विचारलेला प्रश्न वेगळा आहे : भार नेमका कोणावर पडतो आणि आधार आधी कोठे तुटतो?

धान्याची पोती लाकडी माचावर ठेवली आहेत आणि ती हलू नयेत म्हणून आढ्याला दोरखंडांनी बांधली आहेत, अशी कल्पना करावी. माच भक्कम असेल तोवर दोरांवर ताण नसतो. माच वाकला, की सारा भार दोरांवर येतो. दोर लगेच तुटत नाहीत, पण वर्षानुवर्षे ताणून सैल होतात. शरीरातील माच म्हणजे ‘लेव्हेटर अ‍ॅनाय’ नावाचा स्नायूंचा पडदा आणि दोरखंड म्हणजे गर्भाशयाला कटीच्या हाडांशी जोडणारे बंध. विशीत झालेल्या प्रसूतीची इजा चाळिशी-पन्नाशीत दुखणे म्हणून का उगवते, याचे उत्तर या रचनेत दडले आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्रसूतितज्ज्ञ जॉन डीलान्सी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००३ मध्ये एमआरआय तपासणीच्या आधारे दाखवून दिले, की पहिली प्रसूती झालेल्या १६० स्त्रियांपैकी ३२ जणींच्या, म्हणजे २० टक्क्यांच्या, या स्नायूत दोष दिसत होता. प्रसूती न झालेल्या ८० स्त्रियांपैकी एकीतही तो नव्हता. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, त्याच विद्यापीठातील अभियंते जेम्स अ‍ॅश्टन-मिलर आणि सहकाऱ्यांनी डीलान्सी यांच्यासमवेत संगणकावर प्रसूतीचे प्रतिमान रचले. बाळाचे डोके बाहेर पडताना स्नायूचा मधला, जघनास्थीला चिकटलेला भाग मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो, असे उत्तर आले. सामान्य स्नायू इजा न होता सुमारे दीडपटीपर्यंतच ताणला जातो, असे इतर प्रयोगांतून दिसले होते. एमआरआयमध्ये जो भाग वारंवार फाटलेला दिसत होता, तोच भाग प्रतिमानात सर्वाधिक ताणला गेला होता.

अशी अनेक प्रतिमाने ज्या पद्धतीने रचली जातात, ती ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत १९५० च्या दशकात विमानांच्या सांगाड्यांसाठी विकसित झाली. गुंतागुंतीच्या आकाराचे हजारो लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावरील ताण सोडवायचा आणि सारे पुन्हा एकत्र जोडायचे, हे तिचे सूत्र. यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती परिचित असते. फक्त त्याच्या वाट्याला तुळया, कंस आणि चाकांचे आस येतात. पोलाद आणि स्नायू यांत फरक मात्र मोठा आहे. पोलादाचे गुणधर्म कोष्टकात मिळतात. गरोदरपणाच्या अखेरीस मऊ झालेल्या स्नायूचे गुणधर्म जिवंत स्त्रीच्या शरीरात मोजणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून ते गृहीत धरावे लागतात. गृहीतक बदलले की उत्तर बदलते. पोर्तुगालमधील पोर्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये अशाच प्रतिमानातून काढलेला कमाल ताण १.६३ पट होता, म्हणजे मिशिगनच्या आकड्याच्या निम्मा! दोन्ही गटांची गणिते आपापल्या जागी चोख आहेत. संगणकाने दिलेला आकडा हा पुरावा नसून तपासून पाहण्याजोगा अंदाज असतो, एवढेच यातून समजायचे.

जाळीचा धडा

हे गणित वेळीच न केल्याची किंमत पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांनी मोजली. उतरलेल्या अवयवांना योनिमार्गातून प्लास्टिकची जाळी बसवून आधार देण्याची पद्धत २००० च्या दशकात झपाट्याने पसरली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत रुळलेल्या जाळीचेच हे वंशज. आधीच्या उत्पादनाशी साधर्म्य दाखविले, की नव्याला वाट मिळते, या अमेरिकी नियमामुळे स्वतंत्र चाचण्या फारशा झाल्या नाहीत. पोटाच्या भिंतीत जाळी चहूबाजूंनी पसरून बसते. श्रोणीत ती एकाच दिशेने ओढली जाते. ओढली गेली, की तिची छिद्रे चिंबतात, पट्टा दुमडून दोरीसारखा होतो आणि भोवतालच्या उतींना काचतो, हे पिट्सबर्ग विद्यापीठातील पामेला मोआली आणि स्टीव्हन अ‍ॅब्रामोविच यांच्या गटाने प्रयोग आणि प्रतिमाने या दोन्हींतून दाखविले. तोपर्यंत जाळ्या बसून गेल्या होत्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये पहिला इशारा दिला, २०११ मध्ये तो कडक केला आणि १६ एप्रिल २०१९ रोजी भ्रंशासाठी योनिमार्गातून बसविण्याच्या जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. दोरखंडाची ताकद तपासली गेली. तो कोणत्या दिशेने ओढला जाणार, हे मात्र कोणी आधी पाहिले नाही.

याउलट मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांत संगणकाशिवायच या प्रश्नाचा विचार झाला होता, ही बाब फारशी बोलली जात नाही. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भाशयाच्या मुखाला घालावयाच्या टाक्यामुळे. पण भ्रंशावरील त्यांची ‘स्लिंग’ शस्त्रक्रियाही तितकीच मोलाची. गर्भाशय न काढता त्याच्या मागील बाजूला पट्टी शिवून ती त्रिकास्थीच्या वरच्या कडेला, म्हणजे न हलणाऱ्या हाडाला, बांधायची. पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हीच पट्टी पोटाच्या पुढील भिंतीच्या आवरणाला बांधली जाते. स्त्रीने जोर केला, पोटाचे स्नायू आवळले, की पट्टी आपोआप ताणली जाऊन गर्भाशय वर ओढला जातो. एक आधार स्थिर, दुसरा हलता. पुढे डॉ. अजित विरकुड यांनी एक टोक हाडाला आणि दुसरे पोटाच्या आवरणाला बांधून दोन्हींचा मेळ घातला. कमी वयात भ्रंश झालेल्या, अजून मूल हव्या असलेल्या स्त्रिया येथे होत्या. गरजेतून निघालेले हे यंत्रशास्त्र होते. या तिन्ही बांधण्यांतील ताण संगणकावर शेजारीशेजारी मांडून पाहणे हा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी उत्तम प्रकल्प ठरू शकेल.

मोजमाप कोणाच्या शरीराचे?

खरी अडचण पुढे आहे. मिशिगनचे २००४ चे गाजलेले प्रतिमान कधीही प्रसूत न झालेल्या एका निरोगी स्त्रीच्या एमआरआयवर बेतलेले होते. त्यानंतरच्या प्रतिमानांत स्त्रियांची संख्या वाढली, तरी त्या बहुतांशी अमेरिका आणि युरोपातील आहेत. कापूस वेचताना दिवसभर कमरेत वाकलेली, कमरेला बांधलेल्या कापडात वाढत जाणारे वजन वागविणारी, सायंकाळी डोक्यावर गाठोडे आणि मग पाण्याचे गुंड उचलणारी स्त्री या गणितात नाही. जड उचलताना पोटातील दाब वाढतो आणि तो थेट माचावर पडतो. एमआरआय मात्र आडवे झोपवून होतो; भार पडतो तो उभ्या वा उकिडव्या बसलेल्या शरीरावर. रक्तक्षय, लहान वयातील बाळंतपण, बाळंतपणानंतर लगेच सुरू होणारे शेतकाम यांचे आकडे प्रतिमानात घातल्याशिवाय त्याचे उत्तर हिंगणघाट किंवा आर्वीच्या स्त्रीला लागू करणे धाडसाचे ठरेल.

भारतात या विषयाकडे वळलेले अभियंते मोजके आहेत. अर्णब चंदा यांनी अलाबामा विद्यापीठात असताना सहकाऱ्यांसह स्त्री-श्रोणीच्या संगणकीय प्रतिमानांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ते आयआयटी दिल्लीत जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे अध्यापक झाले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेले ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एका टेबलाशी बसवते आणि नागपूरची ‘व्हीएनआयटी’ त्याच्या जाळ्यात आहे. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही.

निकड किती आहे, हे बीडने दाखविले. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शासकीय पाहणीत ८२ हजार ३०९ पैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यामागची कारणे अनेक होती आणि त्यांतील अनेक वैद्यकीय नव्हतीच. पण ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हा समज यंत्रशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. पोते उचलून नेल्याने वाकलेला माच सरळ होत नाही. गर्भाशय काढल्यानंतरही वरचा आधार नीट बांधला नसेल, तर योनिमार्गाचा माथा खाली उतरू शकतो आणि ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

संगणकाआधी येथे लागतील ती साधी मोजमापे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे पहिल्या बाळंतपणानंतर स्नायू शाबूत आहे का, हे पाहण्याची संधी जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत मिळते. त्यासाठी महागडा एमआरआयच हवा असे नाही, सोनोग्राफीने बरेच कळते. मात्र, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेशी बांधलेले असते. ते उचलून गावोगाव नेता येत नाही. कायद्याचे कारण रास्त आहे, त्यामुळे यंत्राकडे स्त्रीलाच यावे लागेल. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी बाळाला लसीसाठी ती येतेच. त्याच दिवशी, त्याच इमारतीत तिची तपासणी आणि नोंद झाली, तर वर्षाअखेरीस सेवाग्राम वा सावंगीकडे अशा स्त्रियांचा आकडा जमेल, ज्यांच्या रोजच्या ओझ्याचे वजनही लिहिलेले असेल. त्या नोंदी वाचायला अभियंता लागेल आणि तो पिपरीहून दुचाकीवर येऊ शकतो.