नवें कर्णभूषण

एकत्र कुटुंबांत जागेची अडचण एक वेळ सोसतां येते. आवाजाची सोसणें अधिक कठीण. आमच्या नागपूरच्या घरांत सकाळीं सहापासून देवघरांतील घंटा, स्वयंपाकघरांतील मिक्सर, माडीवरील दूरचित्रवाणी आणि अंगणांतील मुलें यांचें जें समूहगान सुरू होतें, तें रात्रीं दहापर्यंत थांबत नाहीं. दिवाळीपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव म्हणाले, "काका, जुना हेडफोन आतां पुरत नाहीं, त्याहून चांगला घ्यावयाचा आहे." आम्हीं ती मागणी वयाला शोभणाऱ्या हौसेंत जमा केली. जो आहे तो वाजतो, मग दुसरा कशाला? असा आमचा सरळ हिशेब. तो चुकला होता, हें आम्हांस चोरखमाऱ्यास कळलें.

चोरखमारा हें गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतलें लहानसें गांव. नागझिरा अभयारण्यांत शिरण्याचें एक द्वार तेथें आहे, आणि जवळच मातीच्या बांधानें अडविलेला मोठा तलाव आहे. हा बांध १९२३ सालीं पुरा झाला. त्याच सालीं मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणास आरंभ केला होता. त्या काळच्या स्फटिकाच्या साध्या यंत्रावर हेडफोन कानांस लावल्यावांचून कांहीं ऐकूंच येत नसे. तेव्हां या वस्तूला आजच्या पोरांचें खूळ म्हणण्याची सोय आम्हां वडील मंडळींस उरलेली नाहीं.

दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी तिकडे निघालों. आगगाडींत चिरंजीव समोरच्या बाकावर बसून ख्याल ऐकत होते. चाकांच्या खडखडाटांतहि तो ख्याल आम्हांस आमच्या जागेवर ऐकूं येत होता! तिरोड्यास उतरून मोटारीनें चोरखमाऱ्यास पोंचलों. सायंकाळीं तलावाकांठीं बसलों असतां वारा पडला होता. चिरंजीवांनीं पुन्हां हेडफोन चढविला आणि लगेच, चटका बसावा तसा, उतरविला. गाडींत जेथें ठेवला होता तेथेंच आवाजाचा कांटा होता. मग तो निम्म्याहून खालीं आणल्यावर ते म्हणाले, "काका, एवढाच पुरतो कीं!" थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं पुढची गोष्ट सांगितली. दोन महिन्यांपासून निजतांना कानांत बारीक शीळ वाजे. "घरीं वाटे रातकिडा असेल. येथें रातकिडे थांबले तरी शीळ थांबत नाहीं."

त्या रात्रीं आमच्या वहिनींस झोंप आली नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि नाहीं.

परत आल्यावर कानांच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. श्रवणशक्ति शाबूत होती; परंतु शीळ ही कान थकल्याची खूण असून ती दुर्लक्षूं नये, अशी त्यांनीं ताकीद दिली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबल आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. परंतु तोच ९० डेसिबल झाला कीं मुदत अवघ्या ४ तासांवर येते. आवाजाचा कांटा थोडासा पुढें सरकला, इतकेंच आपणांस वाटतें. कानाला तो दसपट महाग पडतो.

जुन्या हेडफोनच्या वाट्या स्पंजाच्या, पाठीमागून उघड्या होत्या. अशा साधनांत बाहेरचा आवाज आंत येतो आणि आंतला बाहेर जातो. घरांत मिक्सर फिरूं लागला कीं चिरंजीव गाण्याचा आवाज चढवीत. दूरचित्रवाणी चढली कीं आणखी चढवीत. म्हणजे मुलाच्या कानांचें जें नुकसान होऊं घातलें होतें, त्यांत आम्हां सर्वांचा वांटा होता. त्यांस हवा होता तो मोठा आवाज नव्हे. थोडी शांतता हवी होती.

ती शांतता देण्यासाठींच पाठीमागून बंद असलेले, क्लोज्ड-बॅक म्हणतात ते हेडफोन असतात. वाटी घट्ट, गादी कानाभोंवतीं नीट टेकलेली, म्हणजे भांड्यांचा खणखणाट आणि माणसांचें बोलणें पुष्कळ बाहेर राहतें. आगगाडीची खोल घरघर मात्र केवळ वाटीनें अडत नाहीं. तिच्यासाठीं विरुद्ध लहरी निर्माण करून आवाज मारणारे विजेचे हेडफोन निघाले आहेत. त्यांची कल्पना बंगाली पित्याचे अमेरिकेंत जन्मलेले पुत्र अमर बोस यांस १९७८ सालीं विमानप्रवासांत सुचली. आमचा उपद्रव घरघरीचा नसून घरच्यांचा असल्यामुळें आम्हीं साधा, वायरीचा, बंद वाटीचाच प्रकार पत्करला. शिवाय त्यांत घटमाला संपण्याची आणि दरदोन वर्षांनीं म्हातारी होण्याची कटकट नाहीं.

एका रविवारीं सीताबर्डीस एका दुकानांत गेलों. बाजाराचा गलबला होता तें बरेंच झालें. शांत खोलींत पारख करून काय उपयोग? आमची कसोटी एकच: किती कमी आवाजांत गाणें पुरें ऐकूं येतें? केसरबाई केरकरांची भैरवी लावली. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर जी अंतराळांत धाडली, तीच ही साडेतीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका. मग अलीकडच्या मैफलींतला तंबोरा आणि तबला. एका हेडफोनांत डग्गा असा घुमे कीं गायिका त्याच्यामागें उभी आहे असें वाटावें. बंद वाटींत हा दोष सहज येतो. पहिल्या मिनिटांत तो भारदस्त वाटतो आणि तासाभरांत डोकें उठवितो. तो परत केला.

सोनीचा १९९१ सालापासूनचा ७५०६ स्वच्छ वाजतो, परंतु त्याची वायर पक्की जोडलेली. आमच्या घरांत पहिली तुटते ती वायर. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० चा २५० ओहमांचा प्रकार मोबाइलावर दबून वाजला, कारण त्यास वेगळा ध्वनिवर्धक लागतो. अखेर ऑडिओ-टेक्निकाचा एम-५०-एक्स घेतला: ३८ ओहम, घडी होणारा, वायर सुटी, गाद्या बदलतां येण्याजोग्या. उन्हाळ्यांत कान घामेजणार, हें मान्य करूनच घेतला. हल्लींच्या पुष्कळ मोबाइलांत वायरीचें भोंक नसतें. त्यासाठीं बोटाएवढें जोडयंत्रहि घ्यावें लागलें.

आतां आवाजाचा कांटा पूर्वीच्या निम्म्यावर असतो. शीळ उणावली आहे. पुरती गेली असें चिरंजीव म्हणत नाहींत, आणि आम्ही रोज विचारीत नाहीं.

घरांत आलेली वस्तू एकाची राहत नाहीं. आत्याबाईंनीं भैरवी ऐकण्यास हेडफोन मागितला. चष्म्याच्या जाड काड्यांमुळें गादी नीट टेकेना, तंबोरा पातळ वाटला. चष्मा काढल्यावर त्या इतक्या रमल्या कीं तीनदां हांक मारूनहि ओ आली नाहीं, आणि चौथ्यांदा खांद्याला हात लागतांच दचकून किंचाळल्या. तेव्हांपासून ज्यानें तो लावावयाचा त्यानें दाराकडे तोंड करून बसावें, असा आमच्या घरीं नियम झाला आहे. आणि यंदा पुन्हां चोरखमाऱ्यास निघालों तेव्हां चिरंजीवांनीं तो आपण होऊन ओसरीवरच्या खुंटीला ठेवला.