पुसण्यापूर्वीं वाचा

रांपणीचें जाळें फाटलें म्हणून तें कोणी समुद्रांत टाकून देत नाहीं. तें वाळूवर पसरतात, भोंक कोठें पडलें आहे हें हातानें चांचपून पाहतात, आणि तेवढाच भाग पुन्हां विणून घेतात. हें शहाणपण मालवणच्या किनाऱ्यावर कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच किनाऱ्यावरील एखाद्या घरांत संगणक बंद पडला, कीं हें शहाणपण आपण उंबऱ्याबाहेर ठेवितों आणि दुकानदारास म्हणतों, "सगळें पुसून नवें घाला." या घाईविरुद्ध चार शब्द लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या प्रसंगामुळें हा विषय माझ्या मनांत घर करून बसला, तो प्रथम सांगतों. आमच्या वाडींतील एका कुटुंबानें मुलांच्या अभ्यासासाठीं संगणक घेतला होता. पावसाळ्याच्या तोंडीं एके दिवशीं त्याचा पडदा एकाएकीं निळा झाला, त्यावर इंग्रजींत कांहीं ओळी उमटल्या, आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झालें. दुसऱ्या दिवशीं दोनदां तसेंच घडलें. घरच्या मंडळींनीं त्या ओळी वाचण्याच्या भानगडींत न पडतां यंत्र दुरुस्तीस नेलें. संध्याकाळीं तें 'फॉरमॅट' होऊन, म्हणजे आंतील सर्व कांहीं पुसलें जाऊन, परत आलें. लग्नकार्यांचीं छायाचित्रें गेलीं. थोरल्या मुलीनें दोन महिने खपून केलेला प्रकल्प गेला. आणि घरच्या वृद्ध आजींनीं जात्यावरच्या ज्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांचें एकुलतें एक ध्वनिमुद्रणही गेलें. आजी त्यापूर्वींच निवर्तल्या होत्या. काकींनीं मला विचारलें, "आयेचो आवाज खंय गेलो रे झिला?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

याहून दुःखाची गोष्ट पुढेंच आहे. पंधरा दिवसांनीं तोच निळा पडदा पुन्हां दिसूं लागला. या वेळीं आम्हीं त्याचें छायाचित्र घेतलें व तें शांतपणें वाचलें. त्यांत 'ड्रायव्हर' हा शब्द होता, आणि खालीं एका फायलीचें नांव होतें. शोध करितां तें नांव वाय-फायसाठीं बाजारांतून आणून यंत्रास खोंचलेल्या एका लहानशा तुकड्याच्या ड्रायव्हरचें निघालें. तुकडा काढून तो ड्रायव्हर उतरवितांच यंत्र सुरळीत चालूं लागलें. सर्व कांहीं पुसूनही दोष गेला नव्हता. कारण तोच तुकडा आणि त्याचा तोच सदोष ड्रायव्हर पुन्हां त्याच यंत्रांत जाऊन बसले होते. म्हणजे जें गमावलें तें निष्कारण गमावलें.

आतां हा ड्रायव्हर म्हणजे कोण? तो मोटार हांकणारा नव्हे. मालवणच्या बंदरांत पाण्याखालीं खडक पसरलेले आहेत. परका नाखवा कितीही कुशल असला, तरी येथील वाट जाणणारा मनुष्य बरोबर असल्यावांचून त्यानें गलबत आंत आणणें धोक्याचें. संगणकाचेंही असेंच आहे. विंडोजसारख्या कार्यप्रणालीस जगांतील प्रत्येक छपाईयंत्राची, कॅमेऱ्याची वा वाय-फायच्या तुकड्याची अंतर्गत रचना ठाऊक असणें शक्य नाहीं. म्हणून त्या त्या वस्तूचा निर्माता तिच्याबरोबर एक लहानसा कार्यक्रम देतो. कार्यप्रणाली म्हणते, "हें पान छाप". आणि तें त्या विशिष्ट यंत्राला कसें सांगावयाचें, हें तो कार्यक्रम जाणतो. हाच वाटाड्या म्हणजे ड्रायव्हर होय.

वाटाड्या चुकला, तर एवढा अनर्थ कां व्हावा? याचें उत्तर आपल्या कोंकणी घराच्या रचनेवरून समजेल. पाहुण्यास आपण ओटीवर बसवितों. माजघरांत घरचींच माणसें जातात. लेखनाचे, खेळांचे व चित्रांचे कार्यक्रम हे ओटीवरचे पाहुणे. त्यांतील एखादा बिघडला, तर त्याला उठवून घालवितां येतें; घरास धक्का लागत नाहीं. परंतु पुष्कळसे ड्रायव्हर थेट माजघरांत वावरतात, आणि तेथील कोणत्याही वस्तूस त्यांचा हात पोंचतो. अशा ड्रायव्हरनें भलत्याच ठिकाणीं हात घातला, तर घरांतील कोणत्या वस्तूवर विश्वास ठेवावा हेंच कार्यप्रणालीस कळेनासें होतें. साठविलेल्या माहितीची अधिक नासधूस होऊं नये म्हणून ती सर्व व्यवहार जागच्या जागीं थांबविते व थांबण्याचें कारण पडद्यावर लिहिते. म्हणजे निळा पडदा हा यंत्राचा मृत्यु नसून यंत्रानें जातां जातां लिहिलेली चिठ्ठी आहे. ती न वाचतां फाडून टाकणें हा आपला दोष होय. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्तींत हा पडदा काळा झाला आहे. परंतु वाचण्याजोगा मजकूर त्यावरही असतोच.

ड्रायव्हरचा हा उपद्रव केवळ आमच्या वाडीपुरता नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत असें नमूद आहे, कीं विंडोज एक्सपीच्या त्या वेळीं नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकीं शेंकडा ८५ बिघाड ड्रायव्हरमुळें झालेले होते. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या. तरीही माजघरांतील चूक किती दूरवर पोंचते, याचा अनुभव सर्व जगास १९ जुलै २०२४ रोजीं आला.

त्या दिवशीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठीं एक लहानशी फाईल जगभर पाठविली. या कार्यक्रमाचा एक भाग ड्रायव्हर म्हणून माजघरांत वावरतो. त्याच्यापाशीं २० मूल्यें होतीं, आणि नव्या फायलीनें त्यास २१ वें वाचावयास सांगितलें. जें नव्हतेंच तें वाचावयास तो गेला, आणि यंत्रें कोसळलीं. भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं सुटलेली ती फाईल कंपनीनें ७८ मिनिटांत मागें घेतली. परंतु तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख यंत्रें बंद पडलीं होतीं. आपल्या देशांत विमानकंपन्यांचे व्यवहार अडले. मुंबई व दिल्लीच्या विमानतळांवर आकासा या कंपनीला प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली.

या घटनेंत आमच्यासारख्या घरगुती माणसांस शिकण्याजोगी गोष्ट पुढें आहे. त्या ८५ लाख यंत्रांवर उपाय कोणता झाला? सर्व पुसण्याचा नव्हे. मुख्य उपाय एवढाच होता, कीं यंत्र 'सेफ मोड'मध्यें सुरू करावें, ती एक दोषी फाईल काढून टाकावी, आणि यंत्र पुन्हां चालू करावें. काम कंटाळवाणें होतें. कारण पुष्कळ ठिकाणीं तें प्रत्येक यंत्रापाशीं बसून करावें लागलें. परंतु दोष कोठें आहे हें ठाऊक असल्यामुळें हात फक्त त्या जागींच लावावा लागला. एवढ्या मोठ्या संकटांत तज्ज्ञ लोक जें भोंक शोधून विणतात, तें आपण एका घरच्या यंत्रासाठीं कां करूं नये?

करावयाचें तें फारसें कठीण नाहीं. पडदा दिसतांच त्याचें छायाचित्र घ्यावें, किंवा त्यावरील संकेत व फायलीचें नांव वहींत उतरून घ्यावें. मग घरांत सर्वांस एकच प्रश्न विचारावा: "हा त्रास सुरू होण्यापूर्वीं या यंत्रांत काय बदललें?" नवी वस्तु जोडली काय, नवा कार्यक्रम घातला काय, कीं रात्रीं आपोआप कांहीं अद्ययावत झालें? पुष्कळ वेळां येथेंच उत्तर सांपडतें. नवी वस्तु असेल तर ती काढून पाहावी.

एवढ्यानें न भागल्यास सेफ मोडचा आश्रय करावा. त्यांत कार्यप्रणाली अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर बरोबर घेऊन उठते. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावें. नंतर 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' व 'स्टार्टअप सेटिंग्ज' या वाटेनें जाऊन यंत्र पुन्हां सुरू करावें व क्रमांक ४ निवडावा. तेथें यंत्र स्थिर राहिलें, तर एखाद्या ड्रायव्हरविषयींचा संशय बळावतो. मग 'डिव्हाईस मॅनेजर' उघडून संशयित वस्तूच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडल्यास पूर्वींचा ड्रायव्हर परत येतो. ती सोय नसेल, तर तो ड्रायव्हर काढून निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून योग्य तो आणावा. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कधींच कळत नाहीं.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. पडद्यावर ज्या फायलीचें नांव येतें, तीच नेहमीं गुन्हेगार असते असें नाहीं. विंडोजच्या मूळ गाभ्याचें नांव आलें, तर पुष्कळदां तो केवळ आरोळी ठोकणारा असतो. चोर दुसराच असतो. तसेंच प्रत्येक वेळीं निराळेंच नांव येत असेल, तर ड्रायव्हरपेक्षां यंत्राच्या स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, अथवा धूळ सांचून होणाऱ्या उष्णतेवर संशय घ्यावा. स्मृति तपासण्याचें साधन विंडोजमध्येंच असतें. दुसरी गोष्ट अशी, कीं खरा निळा पडदा कोणास दूरध्वनि करण्यास कधींही सांगत नाहीं. इंटरनेट पाहतां पाहतां निळें पान उघडून त्यावर दूरध्वनीचा क्रमांक दिसला, तर तो ठकांचा सांपळा समजावा.

यावर कोणी म्हणेल, "दुकानदाराचेंही बरोबरच आहे. एकेक दोष हुडकीत बसल्यास त्याचें पोट कसें चालावें? पुसून नवें घातलें कीं दोन तासांत काम होतें." या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि मी दुकानदारास दोष देत नाहीं. संगणकांत घातक विषाणु शिरला असेल, किंवा सर्व उपाय हरले असतील, तर पुसणें हाच योग्य मार्ग होय. परंतु काय पुसलें जाणार आहे हें दुकानदारास ठाऊक नसतें; तें आपणांस ठाऊक असतें. त्याच्या लेखीं तीं केवळ फायलींचीं नांवें. आपल्या लेखीं तो आजीचा आवाज असतो. म्हणून पडद्याचें छायाचित्र व बदलांची हकीकत बरोबर नेणें, आणि "आधीं आंतील सर्व दुसरीकडे उतरून घ्या, विचारल्याशिवाय पुसूं नका" असें स्पष्ट सांगणें, हें आपलें कर्तव्य आहे. त्याहूनही बरें म्हणजे, जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर आधींच ठेवणें. ज्यांच्या यंत्रांत बिटलॉकरचें कुलूप आहे, त्यांनीं त्याची ४८ आंकड्यांची किल्ली कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. सेफ मोडकडे जातांना ती मागितली जाण्याचा संभव असतो.

माझी आणखी एक सूचना आहे. संगणकाच्या वर्गांत मुलें टंकलेखन, चित्रें व तक्ते करावयास शिकतात. पण यंत्र अडलें असतां काय वाचावें व कोणता प्रश्न विचारावा, हें त्यांस कोण शिकविणार? वर्षांतून एखादा तास तरी अशा एका बिघाडाच्या वाचनास द्यावा. एका विद्यार्थ्यानें संकेत वाचावा, दुसऱ्यानें काय बदललें तें विचारावें, तिसऱ्यानें एकच बदल करून निष्कर्ष वहींत लिहावा. या एका तासांत विज्ञानाची जी पद्धति मनावर ठसेल, ती व्याख्या पाठ करून ठसणार नाहीं. शिवाय वाडीवाडींतून अशीं चार मुलें तयार झालीं, तर कित्येक घरांतील ठेवा वांचेल.

काकींच्या घरचा संगणक आज उत्तम चालतो. त्याच्याशेजारीं भिंतीस एक वही टांगलेली आहे, आणि तींत थोरल्या मुलीनें यंत्रांत केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहिलेला आहे. छायाचित्रांपैकीं कांहीं नातेवाईकांकडून परत मिळालीं. ओव्या मात्र मिळाल्या नाहींत. काकींना त्यांतल्या जेवढ्या आठवल्या, तेवढ्या त्यांनीं गेल्या दिवाळींत स्वतःच्या आवाजांत म्हटल्या, आणि त्या मुलीनें त्यांच्या दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरीं ठेविल्या आहेत.