कुलूप असताना विमा कशाला?

पर्यटकाच्या अपघाताचा विमा हवा, हे तारकर्ली-देवबागपासून गोव्यातल्या साळ नदीपर्यंत कयाक भाड्याने देणाऱ्यांना आता कुणी पटवून द्यावं लागत नाही. त्याच कयाकचा, वल्ह्यांचा, लाइफ जॅकेटांचा विमा काढा म्हटलं की मात्र उत्तरं ठरलेली असतात. आम्ही बांधून ठेवतो, गावात चोरी होत नाही. हप्त्याच्या पैशांत चार वर्षांनी नवी कयाक येईल. कंपन्या घेताना गोड बोलतात आणि देताना हात आखडतात. वादळ आलंच तर सरकार पंचनामे करतं. ही उत्तरं अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे ती झटकून टाकणं योग्य नाही. पण एकेक तपासलं तर त्यांतलं एकही विमा न काढण्यासाठी पुरेसं ठरत नाही.

कुलूप किंवा दोरी हा विम्याला पर्याय आहे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केलं, की घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर ही अट असेल, तर तसा वापर झाल्याशिवाय नुसत्या चोरीची भरपाई मागता येत नाही. हा निकाल किनाऱ्यावर लावून पाहा. संध्याकाळी कयाक वाळूत पालथ्या घालतात, पाणी निचरायच्या भोकांतून एकच नायलॉनची दोरी ओवतात आणि ती सुरूच्या खोडाला बांधतात. कोयत्याच्या एका घावाने ती तुटते. चोरी खरी, नुकसानही खरं. पण फोडलेलं दार नाही, उचकटलेला कोयंडा नाही, आणि उघड्या पुळणीला बंदिस्त जागा म्हणता येत नाही. क्लेम अडतो तो इथे. म्हणजे बंद शेड आणि कुलूप यांच्यामुळे विमा अनावश्यक होत नाही, उलट त्यांच्यामुळेच तो लागू होतो. तीच गोष्ट ओळखीची. कयाकच्या मागच्या टोकाला कारखान्याचा क्रमांक असतो. जांभ्यावरून आणि वाळूतून ओढून ओढून तो पुसट होतो. मग पोलीस ठाण्यात लिहिलं जातं, निळ्या रंगाची प्लास्टिकची होडी. तेवढ्या वर्णनावर ना चोरीचा माल ओळखता येतो, ना मालकी सिद्ध करता येते. खरेदीचं बिल आणि क्रमांकाचा स्पष्ट फोटो हाताशी असेल तर दोन्ही जमतं.

हप्त्याचे पैसे स्वतःच बाजूला टाकावेत, हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. हौसेपुरती एखादी स्वस्त, हवा भरायची कयाक घरात ठेवणाऱ्याने विमा काढला नाही तर मी त्याला दोष देणार नाही. ती गेली तर तो दुसरी घेईल. पण हा हिशेब एका वेळी एकच वस्तू जाईल असं गृहीत धरतो. व्यावसायिकाच्या आठ-दहा कयाक एकाच पुळणीवर, एकाच मांडवात असतात, आणि वादळ त्यांतली एक निवडून नेत नाही. वीस-तीस किलोची रिकामी कयाक वाऱ्याच्या झोताने सहज उचलली जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते गोवा-कोकणच्या किनाऱ्यालगतून गेलं. दोन्ही वादळं पावसाळ्याच्या तोंडाशी आली, म्हणजे हंगाम संपून चार महिने कमाई बंद राहणार, पण कर्जाचे हप्ते चालू राहणार अशा वेळी. पहिल्या वर्षी बाजूला टाकलेल्या चार पैशांतून सगळा ताफा पुन्हा उभा करता येत नाही. सरकारी मदतीवर भिस्त ठेवणंही धोक्याचं. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मच्छीमारांच्या होड्या-जाळ्यांना जागा आहे. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या कयाकला ती नाही.

राहिला कंपन्यांचा प्रश्न. त्यांच्यावरचा राग पुष्कळदा रास्त असतो, आणि अटी समजतील अशा मराठीत सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे. तरीही नाकारल्या जाणाऱ्या काही क्लेमचं मूळ पॉलिसी घेतानाच्या घाईत असतं. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. वादळ आणि पूर तिच्यात येतात; चोरी मात्र अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेलीच धरली जाते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि पाण्यात असताना खडकावर आपटून होणाऱ्या नुकसानीचा विचारही वेगळाच करावा लागतो. उन्हाने ठिसूळ झालेलं प्लास्टिक ही झीज, ती कुणीच भरून देत नाही. रकमेत केलेली काटकसर तर हमखास नडते. चार लाखांच्या कयाक दोन लाखांच्या दाखवल्या आणि लाखाचं नुकसान झालं, तर हाती पन्नास हजारच येतात. कारण या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतचीच तूट माफ आहे. एवढं सांभाळूनही क्लेम अन्यायाने फेटाळला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करून पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. फक्त नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. हा मार्ग खुला असताना, कंपन्या देतच नाहीत म्हणून विमाच नको, हा निष्कर्ष टिकत नाही.

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाच्या व्यवसायांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीतच प्रत्येक कयाकचा क्रमांक घ्यावा, आणि एका खाडीतल्या सगळ्या व्यावसायिकांना मिळून घेता येईल अशी सामूहिक पॉलिसी विमा कंपन्यांनी द्यावी, अशी मागणी व्यावसायिकांनी एकत्र येऊन केली पाहिजे. तोवर निदान एवढं करा: पुढच्या हंगामात पहिली कयाक पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकीचा क्रमांक आणि किंमत वहीत लिहा, आणि पॉलिसीवर सही करताना ती वही एजंटासमोर उघडी ठेवा.