सभागृहातलं ते टॉयलेट

आमच्या चर्चच्या सभागृहात अपंगांसाठी वेगळं टॉयलेट बांधलं, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. दार रुंद, धरायला दांडे. आज तिथल्या चार फरश्या फुटल्यात. मागच्या लग्नात माझ्या आत्याच्या व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक त्यातच अडकलं. दांडा धरून उठायला गेली, तर स्क्रूभोवतीची टाइल तडकलेली, दांडा हलतोय. "असू दे रे बाळा," म्हणाली आणि न जेवता घरी गेली.

कमिटीनं दोनदा व्हाइट सिमेंट भरून घेतलं. महिन्यात निघालं. निघणारच. नाण्यानं ठोकून बघा, शेजारच्या फरश्याही पोकळ वाजतात. खाली पाणी मुरतंय. त्या सगळ्या काढून, सुटा माल खरवडून, वॉटरप्रूफिंग करून, उतार नहाणीकडे ठेवून खरबरीत टाइल बसवायला हवी. चकचकीत नको, ओली झाली की ती धडधाकट माणसालाही पाडते. दांडा पक्क्या विटेत अँकरनं धरायचा, नुसत्या गिलाव्यात नाही.

खर्च आहे, मान्य. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे काय ते सांगताना धार्मिक वापराच्या इमारतीही धरल्यात. बरं, कायदा राहू द्या. वेदीमागचे पडदे यंदाच नवे आले ना? कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे या वेळी आधी इकडे वळवावेत, अशी पाळकसाहेबांना आणि कमिटीला विनंती.

– एक सभासद, बेळगाव