पिंजऱ्याच्या ट्रेत कोरा कागद घाला

हातकणंगले तालुक्यात फुकट किंवा फुकटच्या भावात मिळणाऱ्या मालाला तोटा नाही. इचलकरंजीच्या मागांवरचे वेस्टेज सूत, साखर कारखान्याचे बगॅस, वखारीतला भुसा, भाताचे तूस. त्यामुळे पक्ष्यांचे पिंजरे बनविणाऱ्या किंवा विकणाऱ्या आपल्या बांधवांना गिऱ्हाइकाने "तळाला काय घालू?" असे विचारले, की हाताशी असेल ते सुचविले जाते. पिंजरा खपला, काम झाले! परंतु महिन्याभरात पक्षी मेला तर ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही, आणि चारचौघांत बोलल्याशिवायही राहत नाही.

वेस्टेज सुताचेच पाहा. मऊ असते, ओल शोषते, म्हणून लोकांना ते पसंत पडते. पण त्याचा धागा पक्ष्याच्या बोटाला गुंडाळला जातो, आवळतो आणि रक्त थांबून बोट सडते. पक्ष्याने धागा गिळला तर तो पोटात गोळा होऊन अडकतो. बगॅस आणि तूस पावसाळ्यात ओलावा धरतात, त्यांवर बुरशी चढते. या बुरशीचे कण पक्ष्याच्या फुप्फुसात गेले की तो तोंड उघडून श्वास घेऊ लागतो, आणि मग इलाज अवघड. कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस चालते, हे खरे. पण तिथे ते वरचेवर हलविले जाते आणि हवा मोकळी असते. घरातल्या दीड फुटी पिंजऱ्याला तो हिशेब लागू होत नाही. भुशाची बारीक धूळ नाकात जाते. पॅकिंगच्या पेट्यांचे देवदार तर नकोच, त्या वासाच्या लाकडातील तेल पक्ष्याच्या श्वासनलिकेला झोंबते.

त्यापेक्षा साधा कागद बरा. तो रोज बदलता येतो, आणि दुसरे असे, की त्यावर पक्ष्याची तब्येत वाचता येते. आजार लपविणे हा पक्ष्याचा स्वभावच आहे. तो मान टाकतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत हिरवट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी वेगवेगळे दिसते. पांढऱ्याचे पिवळे झाले, नुसते पाणी पडू लागले किंवा विष्ठाच कमी झाली, तर कागदावर ते सकाळीच कळते. भुशात काय कळणार?

आता रद्दीचा प्रश्न. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत मुख्यतः काजळी असते, तिची फार धास्ती नको. चकचकीत रंगीत कागद मात्र पाणी शोषत नाही, म्हणून निरुपयोगी. माझा आक्षेप वेगळाच आहे. आपल्या उर्दू-मराठी पत्रांत अल्लाहचे नाव असते, कुरआनच्या आयतींचा अनुवाद असतो, रमजानचे वेळापत्रक असते. हे साप्ताहिकही त्याला अपवाद नाही. ते पान पक्ष्याच्या विष्ठेखाली जावे, हे कोणाला रुचेल? आपल्या हिंदू गिऱ्हाइकाच्या घरी येणाऱ्या दैनिकातही देवादिकांची चित्रे असतातच. त्याच्या मनाचीही कदर आपण राखली पाहिजे. रद्दीचा धंदा करणाऱ्या बांधवांनी अशी पाने आधीच वेगळी काढावीत. मात्र सर्वांत सोपा मार्ग कोऱ्या कागदाचा आहे.

मोठ्या छापखान्यांत रिळाच्या शेवटी थोडा कोरा कागद उरतो आणि तो वजनावर विकला जातो. वर्तमानपत्राचा कागद साधारण 45 ग्रॅम वजनाचा धरला, म्हणजे एक चौरस मीटरला 45 ग्रॅम, तर एका किलोत 12 बाय 18 इंचांचे सुमारे 150 तुकडे निघतात. रोज एक बदलला तरी एका पिंजऱ्याला पाच महिने पुरतील. ट्रेच्या मापाने कापून 30-30 ची गड्डी बांधावी आणि पिंजऱ्यासोबत द्यावी. पहिली गड्डी तशीच दिली तरी हरकत नाही, दुसरीसाठी गिऱ्हाईक आपण होऊन येईल.

कारागिरांनाही दोन शब्द. ट्रे सरकता ठेवा आणि त्याच्यावर दोन बोटे उंच जाळी बसवा. म्हणजे पक्षी कागद फाडणार नाही, विष्ठेत पडलेला दाणाही खाणार नाही. जस्ताच्या मुलाम्याची नवी जाळी पक्षी चोचीने कुरतडतो आणि जस्ताची विषबाधा होते. म्हणून माल देण्यापूर्वी ती सिरक्याने घासून, स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवावी. तारेवर जस्ताचे थेंब गोठलेले दिसले तर ते कानशीने काढावेत. यात अर्धा तास जातो, तेवढा भाव खुशाल जास्त लावा. गिऱ्हाइकाला एवढेही सांगा, की कागद काढण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटॅकोसिस नावाचा ताप होतो, तो फुप्फुसापर्यंत जातो. कागद बदलणे हे घरात बहुधा मुलांचे काम असते, म्हणून ही सूचना विसरू नये.

हे सारे ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो ते बजरीगर, कॉकटेल, झेब्रा फिंच अशा परदेशी जातींविषयी आहे. देशी पोपट, मैना आणि मुनिया पाळणे किंवा विकणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाख रुपयांवर गेली आहे. "पोपटासाठी पिंजरा द्या" म्हणणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे, एक विक्री बुडाली तरी चालेल.

हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैर यांचा, एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली. या हदीसवरून पक्षी पाळण्याची मुभा अनेक विद्वानांनी काढली आहे. पण मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीसही त्याच संग्रहांत आहे. पक्षी कोंडायची परवानगी सांगताना आपण पहिली हदीस लगेच सांगतो. पिंजऱ्याचा ट्रे आठ-आठ दिवस साफ होत नाही, तेव्हा दुसरी का आठवत नाही, हे मला अजून समजलेले नाही.