निळी फाईल आणि चार पानी फॉर्म

आमच्या घरात एक निळी प्लॅस्टिकची फाईल आहे. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे आणि त्याची सोळा वर्षं त्या फाईलमध्ये आहेत. हृदयाचा इको, थायरॉईडचे रिपोर्ट, क्रोमोसोम तपासल्याचा कागद, चष्म्याचा नंबर. बेळगावातला डॉक्टर बदलला की आई फाईल काढते आणि पहिल्यापासून सांगायला बसते. परवा ती वैतागून म्हणाली, "हे सगळं एकदाच कुठंतरी लिहून ठेवलेलं असतं तर किती बरं झालं असतं!"

आईला ठाऊक नाही, पण संशोधकही हेच म्हणताहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. त्यांना रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, पण गाठींचे बरेचसे कर्करोग मात्र कमी. अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक एकविसाव्या क्रोमोसोमवरच आहे, म्हणून तो आजार त्यांना लवकर गाठतो. हे असं का, याचं उत्तर एका हॉस्पिटलातल्या वीस-तीस मुलांवरून मिळत नाही. हजारो मुलांची माहिती एकत्र लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये यासाठी 'इन्क्लूड' नावाचा प्रकल्प सुरू केला. वेगवेगळ्या अभ्यासांतली माहिती आता तिथं एका ठिकाणी येते. त्याआधी २०१३ मध्ये त्याच संस्थेने 'डीएस-कनेक्ट' ही नोंदवही उघडली. तिच्यात कुटुंबं स्वतःच आपली माहिती भरतात.

यातलं सगळ्यात किचकट काम मला साहित्याची विद्यार्थिनी म्हणून ओळखीचं वाटलं. एक डॉक्टर लिहितो 'थायरॉईड कमी', दुसरा एक लघुरूप लिहितो, तिसरा फक्त गोळीचं नाव. माणसाला कळतं की गोष्ट एकच आहे; संगणकाला नाही कळत. म्हणून आधी शब्द ठरवावे लागतात, मग आकडे जुळतात. म्हणजे हे काम मुळात भाषेचंच आहे.

पण माहिती वाटून घ्यायची म्हटली की ती कुणाची, हा प्रश्न येतोच. या आजाराच्या इतिहासातच त्याची एक कडू गोष्ट आहे. १९५८ मध्ये पॅरिसच्या एका हॉस्पिटलात मार्थ गोतिए या तरुण डॉक्टरने पेशी वाढवून त्यांत एक जास्तीचा क्रोमोसोम पाहिला. फोटो काढायची सोय तिच्याकडे नव्हती. तिच्या काचपट्ट्या सहकारी जेरोम लेज्यून फोटोसाठी घेऊन गेले. जानेवारी १९५९ मध्ये निबंध आला तेव्हा पहिलं नाव लेज्यूनचं होतं, आणि तिच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. २०१४ मध्ये फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीती समितीने तिचा वाटा मान्य केला, तेव्हा ती नव्वदीच्या उंबरठ्यावर होती.

मी कॅथलिक आहे. लेज्यून यांना आमच्या चर्चने २०२१ मध्ये 'वंदनीय' म्हटलं. माझ्या भावासारख्या मुलांच्या बाजूने ते आयुष्यभर बोलले, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण आदर आहे म्हणून काचपट्ट्यांची गोष्ट गिळून टाकावी, असं मला वाटत नाही. दिलेली वस्तू कुणाची होती हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या वेळी देणारा हात आखडता घेतो.

आमच्या घराने तो घेतलाच. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी कसल्याशा अभ्यासासाठी भावाचं रक्त घेतलं. चार पानी फॉर्म, सगळा इंग्रजीत. "इथं सही करा," म्हणाले. आईने केली. त्या रक्ताचं काय झालं, कोणी वापरलं, काही सापडलं का, आजपर्यंत कुणी कळवलेलं नाही. आता कुणी संशोधनाचं नाव काढलं की आई सरळ नको म्हणते. आणि आमच्याकडे अजून एक भीती असते, "बाहेर कळलं तर पोरीचं लग्न कसं जमायचं?" ती पोरगी म्हणजे मी! खरं तर डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या जवळपास नव्याण्णव केसेस आईवडिलांकडून आलेल्या नसतात. पण भीतीला टक्केवारी कळत नाही. म्हणून नाव-गाव काढून टाकणं आणि माहिती कुणी मागितली, कशासाठी मागितली याची नोंद ठेवणं, हे संशोधनातले अडथळे नाहीत. त्यामुळेच तर लोक माहिती देतील.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माहिती समजेल अशा भाषेत द्यावी, आणि सात वर्षांवरच्या मुलाचाही होकार घ्यावा. भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

माझं मत साधं आहे. माहिती द्यावी, मोकळ्या मनाने द्यावी, कारण उद्याच्या एखाद्या आईची फाईल त्यामुळे हलकी होईल. पण मागणाऱ्याने आधी समजावून सांगावं, नंतर काय झालं ते परत येऊन कळवावं. यात आपल्या मंडळालाही काम आहे. आपण कविता अनुवादित करतो. एखादा संमतीचा फॉर्म साध्या मराठीत, आणि कन्नड येणाऱ्यांनी कन्नडमध्ये, का करू नये? डॉक्टरांना तपासायला देऊ, मग घरच्या माणसांना वाचून दाखवू.

पहिला मी माझ्या भावाला वाचून दाखवीन. त्याला सही करता येते. मोठ्या अक्षरात, अर्धं पान व्यापून. फॉर्मवर तेवढी जागा मात्र ठेवावी लागेल.