ग्राहक ‘हो’ म्हणेपर्यंत तक्रार खुलीच राहावी

घरचे इंटरनेट बंद पडले की ग्राहकाची खरी परवड मदतकेंद्राला फोन लावल्यावर सुरू होते. भाषेसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा. अखेर माणूस भेटलाच तर तो राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतो. दुसऱ्या दिवशी सारी हकिगत पहिल्यापासून. सर्वांत संतापजनक म्हणजे, तंत्रज्ञ घरी फिरकलेलाही नसताना तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो. याला फसवणूकच म्हणावे लागेल.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील यंत्रणेकडे जाता येते आणि त्या अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. पण ज्याची नोकरी किंवा मुलांची परीक्षा त्या जोडणीवर अवलंबून आहे, त्याने तोवर काय करावे? प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, ते उत्तमच झाले. तरी एका महिन्याच्या बिलासाठी तारखांना खेटे कोण घालणार?

म्हणून ग्राहकाच्या संमतीविना तक्रार बंद करण्यास नियमानेच मनाई हवी. सेवा बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे, न मागता, पुढच्या बिलातून वजा व्हावेत. माणसाशी बोलण्याचा पर्याय फोनवर सर्वांत आधी मिळावा, आणि महाराष्ट्रात तो मराठीतून मिळावा.